मिठीचा गाळ आणि विहिरीची दोरी



गणपतीच्या दिवसांत बाहेरगावी गेलेली आपली मुले चार दिवस इचोड्याला येतात. रात्रीची आरती झाली, प्रसाद वाटून झाला की ओट्यावर गप्पांचा फड जमतो. २०२५ च्या गणपतीत माझा पुतण्या आला होता. तो मुंबईत कुर्ल्याला राहतो. त्याच्या घरापासून मिठी नदी हाकेच्या अंतरावर आहे. गणपती बसण्याच्या आठवडाभर आधी, १९ ऑगस्टला, कुर्ल्याजवळ मिठीची पातळी ३.९ मीटरपर्यंत चढली होती आणि क्रांतीनगर वस्तीतल्या साडेतीनशेच्या आसपास माणसांना रातोरात नव्हे, भर दिवसा उचलून शाळेत हलवावे लागले होते. पुतण्याच्या इमारतीत पाणी शिरले नाही, पण त्याची बायको दोन मुले आणि कागदपत्रांची पिशवी घेऊन वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे जाऊन बसली होती. ते सांगताना तो मला म्हणाला, "काका, दरवर्षी कोट्यवधी रुपये खर्चून नदीतला गाळ काढतात म्हणे. मग पाणी वर येतेच कसे?"

मी तोंड उघडायच्या आत ओट्यावरून कोणीतरी उत्तर दिले, "सगळे खातात रे बाबा." सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि विषय कापसाच्या भावावर गेला.

मला काही ते पटले नाही. 'सगळे खातात' हा निष्कर्ष असू शकतो, पण ती तपासणी नव्हे. छत्तीस वर्षे बँकेत काढली. कोणी खाल्ले, किती खाल्ले, कोणत्या व्हाउचरवर खाल्ले आणि ते आपल्या लक्षात का आले नाही, हे शोधण्यात त्यातली निम्मी गेली असतील. त्या सवयीने मी गेले काही महिने मिठीच्या गाळाच्या बातम्या कात्रणे काढून वाचतो आहे. त्यातून जे समजले ते तुमच्यापुढे ठेवतो.

इचोड्यात बसून मुंबईच्या नाल्याची चौकशी कशाला, असे तुम्ही विचाराल. एक तर आपल्यातल्या कितीतरी घरांतली मुले नंदिग्राम एक्स्प्रेसने तिकडे गेली ती तिकडचीच झाली आहेत. दुसरे कारण असे की गाळ आपल्याकडच्या तलावांतही साचतो. त्यावर पुढे येतोच.

आधी नदीची ओळख. मिठी ही लांबीने अगदीच लहान नदी, सगळी मिळून १७.८४ किलोमीटर. इचोड्याहून निघून ती आपल्याकडे वाहिली असती तर नेरडीगोंड्याच्या आसपासच संपली असती. विहार तलावाच्या सांडव्यातून ती निघते, पुढे पवई तलावाचे जादा पाणी तिला मिळते, आणि साकीनाका, कुर्ला, कलिना, वांद्रे-कुर्ला संकुल, धारावी असे करत माहीमच्या खाडीत ती अरबी समुद्राला मिळते. विहार तलाव १८६० साली बांधून झाला, तो मुंबईला नळाने पाणी द्यायला. म्हणजे या नदीचे डोके दीडशेहून अधिक वर्षे धरणाने बांधलेले आहे. पावसाळ्यात तलाव भरून वाहिला तरच वरून गोडे पाणी येते. बाकीचे आठ महिने नदीत जे वाहते ते बहुतेक सांडपाणी, आणि खालून भरतीबरोबर येणारे खारे पाणी.

पायाशीही बांधकाम आहेच. माहीमच्या खाडीवरचा रस्ता १८४५ साली झाला. त्यासाठी लेडी जमशेटजी जीजीभॉय यांनी स्वतःचे एक लाख ५७ हजार रुपये दिले आणि अट घातली की सरकारने त्यावर टोल घेऊ नये. विषयांतर झाले खरे, पण बँकेच्या माणसाला असा व्यवहार वाचून बरे वाटते. रक्कम स्पष्ट, काम स्पष्ट, अट स्पष्ट.

मधल्या भागात तर नदीला मोकळा श्वासच नाही. विमानतळाच्या धावपट्टीखालून तिला जावे लागते आणि तिथे तिला काटकोनात वळवलेले आहे. वांद्रे-कुर्ला संकुल उभे आहे ती जागा एकेकाळी तिची दलदल होती, भरतीचे आणि पुराचे पाणी पसरायची ती हक्काची जागा. काठावर झोपड्या, भंगाराची गोदामे, तेलाचे पिंप धुणारे, तबेले. हे सगळे तिथे एका दिवसात आले नाही. ज्याला दुसरीकडे जागा परवडली नाही तो नदीकाठी आला. संकुलात ज्यांनी काचेच्या इमारती बांधल्या त्यांनाही जागा नदीकडूनच मिळाली, फक्त त्यांच्याकडे मंजूर नकाशा होता.

२६ जुलै २००५ ला मी मुंबईत होतो. बदलीवर होतो, कलिन्याच्या बाजूला तळमजल्यावर आमची शाखा होती. सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. दक्षिण मुंबईतल्या आमच्या वरिष्ठांना फोनवर परिस्थिती सांगितली तर त्यांना ती खरीच वाटेना. दुपारी तीनच्या सुमाराला दारात पाणी आले. पहिला विचार कॅश तिजोरीत वरच्या कप्प्यात ठेवण्याचा. दुसरा लेजर आणि व्हाउचरच्या गठ्ठ्यांचा. तिसरा विचार करायला वेळच मिळाला नाही, पाणी टेबलाच्या उंचीला आले होते. आम्ही सात जण वरच्या मजल्यावरच्या एका शिकवणीच्या वर्गात रात्रभर बाकांवर बसून राहिलो. खाली लॉकरची खोली पाण्याखाली होती.

पुढचे पंधरा दिवस लोकांच्या समोर लॉकर उघडण्याचे काम चालले होते. सोन्याला काही होत नाही. पण एका बाईंच्या लॉकरात नवऱ्याची पत्रे होती, तो वारला होता. शाईचे निळे पाणी झाले होते. त्यांनी मला काही विचारले नाही, मी काही सांगितले नाही. रजिस्टरवर सही करून त्या गेल्या.

त्या दिवसाचे गणित मला फार नंतर सुचले. मिठीचे पाणलोट क्षेत्र सुमारे ७३ चौरस किलोमीटर. त्यावर ९४४ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ सात कोटी घनमीटर पाणी. आपल्या भाषेत २.४ टीएमसी. आपला कडेम प्रकल्प पूर्ण भरला की ७.६ टीएमसी होतो. म्हणजे कडेम धरणाचा एक तृतीयांश साठा एका दिवसात त्या चिमुकल्या नदीवर ओतला गेला. सगळा पाऊस नदीत येत नाही, काही जिरतो, काही तलावांत अडतो हे खरे, पण सिमेंटच्या शहरात जिरणार ते किती? त्यात दुपारी समुद्राला साडेचार मीटरच्या जवळपासची भरती. खालचे दार बंद आणि वरून धबधबा.

लहान नदीचा हाच स्वभाव. मोठी नदी दोन दिवस आधी सांगून येते. लहान नदी तासाभरात येते. कडेमला आपण हे पाहिले आहे. जुलै २०२२ मध्ये पाच लाख क्युसेकच्या वर पाणी आले, धरणाच्या दारांना तेवढे सोडताच येत नव्हते, त्यात १८ पैकी एक दार उघडेना. त्या रात्री खालच्या गावांतली माणसे जीव मुठीत धरून बसली होती. आपल्या नदीला मोठे पात्र आहे, डोंगर आहेत, रान आहे. मिठीला काय आहे?

२००५ नंतर सरकार जागे झाले. १९ ऑगस्ट २००५ ला मिठी नदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले. डॉ. माधवराव चितळे यांच्या समितीने पुढल्या वर्षी अहवाल दिला. नदी रुंद आणि खोल करायची ठरली. वरचा ११.८४ किलोमीटरचा भाग महापालिकेकडे, खालचा सहा किलोमीटरचा भाग महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. एका नदीची दोन खाती झाली. बँकेत एकाच कर्जदाराची दोन शाखांत दोन खाती असली की काय होते, ते अनुभवी मंडळी जाणतात. पात्र बऱ्याच ठिकाणी खरोखर रुंद झाले, भिंती बांधल्या गेल्या. हे काम झालेच नाही असे मी म्हणणार नाही. आणि त्याबरोबर दरवर्षीचा गाळ काढण्याचा खर्च सुरू झाला.

त्या खर्चाचे पुढे काय झाले ते आता पोलिसांच्या कागदांत आहे. विधिमंडळात प्रश्न आले, विशेष तपास पथक नेमले गेले, आणि मे २०२५ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने १३ जणांवर गुन्हा नोंदवला. त्यांत महापालिकेचे अधिकारी आहेत, ठेकेदार आहेत, मध्यस्थ आहेत. महापालिकेचा तोटा ६५ कोटी ५४ लाख रुपयांचा असल्याचा आरोप आहे. काढलेला गाळ जिथे टाकला म्हणून दाखवले त्या जमिनींचे करारनामे खोटे होते, आणि यंत्रे ठराविक पुरवठादाराकडूनच घ्यावी लागतील अशा अटी निविदेत घातल्या गेल्या, असे तपास यंत्रणेचे म्हणणे. जूनमध्ये सक्तवसुली संचालनालयाने मुंबई आणि कोचीत छापे घातले. हे सगळे आरोप आहेत. ते सिद्ध करणे न्यायालयाचे काम, म्हणून मी कोणाचे नाव घेत नाही. नावांत मला रसही नाही. उद्या सगळे निर्दोष सुटले किंवा सगळ्यांना शिक्षा झाली, तरी माझा प्रश्न तसाच उरतो. ज्या पद्धतीत असा आरोप इतकी वर्षे सहज करता येतो आणि इतकी वर्षे सहज फेटाळताही येतो, ती पद्धत कसली?

आता मी तुम्हाला चाळीस वर्षे मागे नेतो. मी शेतकी कर्जे बघणारा नवा अधिकारी होतो. विहिरीच्या कर्जाची रक्कम एकदम देत नसत, हप्त्याने देत. इतके खोल गेले की पहिला हप्ता, पाणी लागले की दुसरा, बांधकामाला तिसरा. एका गावी मी तपासणीला गेलो. शेतकऱ्याने मोठ्या अगत्याने चहा पाजला आणि विहिरीच्या काठावरचा मातीचा, मुरुमाचा ढीग दाखवला. ढीग चांगला पुरुषभर उंच. मी वहीत लिहिले, काम समाधानकारक. हप्ता सुटला.

महिन्याने आमचे मॅनेजर स्वतः त्या बाजूला गेले. त्यांच्या स्कूटरच्या डिकीत सुंभाची एक दोरी असे, हातभर अंतरावर गाठी मारलेली, टोकाला दगड. त्यांनी ढिगाकडे पाहिलेही नाही. दोरी आत सोडली, गाठी मोजल्या, आणि मला म्हणाले, "तुम्ही बारा हात लिहिलेत, इथे सात आहेत." शेजारच्या जुन्या विहिरीचा गाळ त्या ढिगात मिसळलेला होता. परत येताना ते वाटभर काही बोलले नाहीत. शाखेत आल्यावर फक्त एवढेच म्हणाले, "आपण खड्ड्यासाठी कर्ज दिले, ढिगासाठी नाही. ढीग कशाला मोजला?"

मिठीत वीस वर्षे ढीग मोजला गेला.

मुंबईच्या गाळाचे पैसे वजनावर दिले जातात. डंपर भरायचा, वजनकाट्यावर न्यायचा, पावती घ्यायची, मुंबईबाहेर ठरलेल्या जागी रिकामा करायचा. मिठीतून एका हंगामात काढायचा गाळ दोन लाख टनांच्या घरात असतो. डंपरमागे दहा टन धरले तर वीस हजार फेऱ्या. म्हणजे वीस हजार काट्याच्या पावत्या, वीस हजार गाडी क्रमांक, वीस हजार वेळा 'गाळ मिळाला' अशी नोंद. यातला प्रत्येक कागद मूळ वस्तू नाहीशी झाल्यानंतर उरतो. गाळ कुठेतरी खाचरात पसरला गेला, नदी पावसाने भरून गेली, हातात राहिले व्हाउचर. ज्यांनी कधी ऑडिट केले आहे त्यांना कळेल की अशा खात्यात व्हाउचर जितके नीटनेटके तितकी धास्ती जास्त.

वजनात आणखी एक गोम आहे. पाण्यालाही वजन असते. गाळ निथळू न देता भरला तर गाडी लवकर भरते. बांधकामाचा राडारोडा मिसळला तर आणखी लवकर. असे झालेच असे मी म्हणत नाही, पण दर टनावर ठरवला की निथळलेला स्वच्छ गाळ नेणाऱ्या प्रामाणिक ठेकेदाराचे नुकसान आणि ओला गाळ नेणाऱ्याचा फायदा, हे गणित कागदावरच दिसते. नियम असा करायचा आणि मग माणसांना नीती शिकवायची, यात अर्थ नाही.

आणखी एक आकडेमोड करतो, कागद-पेन्सिल घेऊन पडताळून पाहा. नदीची लांबी १७.८४ किलोमीटर. रुंदी वर अगदी कमी, खाली बरीच, सरासरी ५० मीटर धरू. क्षेत्र झाले सुमारे ८.९ लाख चौरस मीटर. दोन लाख टन ओला गाळ, घनमीटरला दीड टन या हिशेबाने १.३३ लाख घनमीटर. आता भागाकार करा. उत्तर येते १५ सेंटिमीटर. सहा इंच! सगळ्या हंगामाचे काम पूर्ण प्रामाणिकपणे झाले, तरी नदीचा तळ सरासरी सहा इंच खाली जातो. प्रत्यक्षात गाळ सगळीकडे सारखा नसतो, पुलांखाली आणि वळणांवर जास्त काढतात, हे मान्य. पण समजा एक तृतीयांश काम कागदावरच झाले, तर फरक पडतो दोन इंचांचा. गढूळ पाण्याखालचे दोन इंच काठावर उभे राहून कोणाला दिसणार? नगरसेवकाला नाही, पत्रकाराला नाही, माझ्या पुतण्याला तर नाहीच.

म्हणून छायाचित्रांनी, चित्रफितींनी हा प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. २०२५ च्या नालेसफाईत महापालिकेने कामाच्या चित्रफिती कृत्रिम बुद्धिमत्तेकडून तपासून घ्यायला सुरुवात केली. चांगली गोष्ट आहे. तीच गाडी पुन्हा दाखवली, रिकामी गाडी भरलेली दाखवली, हे यंत्राला पकडता येईल. दहा वर्षांपूर्वीही, २०१५ मध्ये, नालेसफाईत घोळ झाल्यावर महापालिकेने स्वतः चौकशी केली होती, तेव्हाही वजनकाटे आणि गाड्यांच्या नोंदी हाच विषय होता. म्हणजे दहा वर्षांत आपण ढीग मोजण्याचे हत्यार सुधारत आलो. मोजतो अजून ढीगच.

दोरी टाकण्याला तांत्रिक अडचण आहे का? आहे, आणि ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. विहिरीत भरती येत नाही. मिठीत येते. माहीमपासून वर कुर्ल्याच्या बाजूपर्यंत दिवसातून दोनदा समुद्राचे पाणी चढते आणि उतरते, आणि सोबत चिखल आणते. वरून सांडपाणी आणि प्लॅस्टिक येतच असते. मे महिन्यात खोल केलेला तळ ऑक्टोबरपर्यंत तेवढाच राहणार नाही. त्यामुळे पाऊस संपल्यावर कोणी मोजायला गेले तर ठेकेदार म्हणणार, 'आम्ही काढला होता, समुद्राने परत भरला.' आणि ते खोटे आहे असे छातीठोक सांगता येणार नाही. खाडीला मिळणाऱ्या नदीतच ही पळवाट असते.

पण त्यावर उपाय नाही असे नाही. कापसाच्या गाठींवर आम्ही जिनिंगवाल्यांना कर्ज देत असू, तोही माल रोज आत-बाहेर होणाराच. म्हणून आम्ही मोजणे सोडून दिले का? अचानक जायचे, ठराविक दिवशी साठा मोजायचा, रांगेच्या आतल्या गाठी काढून बघायच्या, कारण बाहेरची भिंत रचून आत पोकळी ठेवणारेही महाभाग असत. नदीचेही तसेच करता येते. नदीला ठराविक अंतरावर कायमच्या खुणा करायच्या. काम सुरू होण्याच्या आठवड्यात प्रत्येक खुणेवर ओहोटीच्या वेळी नदीचा आडवा छेद मोजायचा. तो तुकडा संपला की त्याच आठवड्यात, पुन्हा ओहोटीला, पुन्हा मोजायचे. मोजणारा ठेकेदाराचा माणूस नको, काम काढून देणाऱ्या खात्याचाही नको. आणि बिल निघण्याआधी दोन्ही छेद लोकांपुढे ठेवायचे. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. मिठीचा अभ्यास त्यांनी पूर्वी केलेला आहे. ज्ञान नाही असे कोणी म्हणू शकत नाही.

खर्च येईल. पण ६५ कोटींच्या आरोपाशी तुलना केली तर तो किती असेल, ते तुम्हीच ठरवा.

आता आपल्या गावाकडे. तेलंगणात २०१५ च्या मार्चमध्ये मिशन काकतीय सुरू झाले. राज्यातले ४६ हजारांहून अधिक तलाव, चेरुवू, कुंटे दुरुस्त करायचे आणि त्यांतला गाळ काढायचा. आपल्या बाजूलाही कामे झाली. शेजारी महाराष्ट्रात २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' अशी योजना आली. या दोन्हीत एक गोष्ट मिठीपेक्षा वेगळी होती. गाळाला गिऱ्हाईक होते. तलावाचा काळा गाळ हलक्या रानात टाकला की पीक सुधारते, हे आपल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. त्याने स्वतःच्या पैशाने ट्रॅक्टर लावला, वाहतुकीचा खर्च सोसला. ज्याने पदरचे डिझेल जाळले त्याला कागदावरची खेप चालत नाही. त्याच्या शेतात खेप पडलीच पाहिजे. त्या योजनांविषयीही तक्रारी झाल्या, त्या होणारच. पण निदान काठावर एक माणूस असा उभा होता ज्याचा स्वार्थ खऱ्या मोजणीत होता.

मिठीच्या गाळाला असा वाली नाही. त्यात तेल आहे, रसायने आहेत, प्लॅस्टिक आहे, खार आहे. तो कोणाच्या रानात टाकता येत नाही, कोणाला तो नको आहे. नको असलेल्या वस्तूची खेप कमी पडली तर तक्रार कोण करणार? ज्याच्या जमिनीवर टाकायचा तो तर कमी आला म्हणून खूशच. आणि ज्याला त्या खेपा पोचल्या नाहीत म्हणून भोगावे लागते तो क्रांतीनगरातला माणूस. त्याला ना पावती दिसते, ना करारनामा. त्याला दिसते ते थेट घरात आलेले पाणी.

इथे पुतण्याने मला एक चांगला प्रश्न विचारला होता, तो सांगितला पाहिजे. तो म्हणाला, "काका, समजा सगळा गाळ चोख काढला, तर पाणी येणार नाही का?" मी म्हणालो, येईल. मुंबईची जुनी गटारे तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून बांधलेली, १९९३ च्या अहवालात ती ५० ची करावीत असे सुचवले गेले, आणि तेव्हापासून पाऊस त्याहूनही जोराचा पडू लागला. धावपट्टीखालचे वळण गाळ काढून सरळ होत नाही. संकुलाखाली गेलेली दलदल परत येत नाही. भरतीला कोणी थांबवू शकत नाही. २००५ सारखा दिवस पुन्हा आला तर सहा इंच तळाचे काय चालणार? पण तसे दिवस क्वचित येतात. दरवर्षी येतात ते १९ ऑगस्टसारखे दिवस, जेव्हा पाणी उंबरठ्याशी येऊन थांबते किंवा आत येते. अशा दिवशी पुलाखालची दोन-चार इंच जागा आणि तिथे अडकलेला कचरा यांनी फरक पडतो. तेवढ्याचे पैसे लोकांनी भरलेले आहेत. पूर येणारच आहे, म्हणून गाळाचा हिशेब मागू नये, हे म्हणणे मला कर्जमाफी येणारच आहे म्हणून वसुलीला जाऊ नये, या जातीचे वाटते. तेही आम्ही पुष्कळ ऐकले.

आणखी एक गोष्ट माझ्या मनात बरेच दिवस आहे. कुठल्याही घोटाळ्याची बातमी आली की आपण आकडा लक्षात ठेवतो आणि नावे लक्षात ठेवतो. ६५ कोटी, अमुक अधिकारी, तमुक ठेकेदार. खटला दहा वर्षे चालतो, तोवर पुढचा आकडा येतो. मोजण्याची रीत कोणती होती आणि ती बदलली का, हे विचारायचे राहून जाते. पुतण्याला मी सांगितले की माहितीच्या अधिकारात एकच अर्ज टाका. किती टन काढला, हे विचारू नका, त्याचे उत्तर चोख येईल. तुमच्या पुलापाशी नदीचा तळ काम सुरू होण्याआधी किती पातळीवर होता आणि काम संपल्यावर किती, ते कोणत्या तारखेला मोजले आणि तेव्हा भरती होती की ओहोटी, एवढेच विचारा. त्याने दिवाळीनंतर अर्ज टाकला आहे.

इकडे आपल्या काही तरुण मुलांशी बोललो आहे. मिशन काकतीयला दहा वर्षे होऊन गेली, आपल्या मंडलातल्या तलावांत पुन्हा किती गाळ साचला ते कोणी पाहिलेले नाही. उन्हाळ्यात पाणी उतरले की एक रविवार काढून दोन-तीन तलावांचा तळ मोजायचा, बांधावर रंगाने खुणा करायच्या आणि वहीत तारीख घालून लिहून ठेवायचे, असा विचार आहे. मुले मोबाइलवर काहीतरी नकाशा करणार म्हणतात, करू देत. ज्यांना यायचे असेल त्यांनी मला सांगावे. गाठी मारलेली दोरी मी आणतो.